बोटं मोजून मैफल ठरत नाही

क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीत-गटाचा एक फोटो समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी नव्याने फिरतो. काळ्या कपड्यांतले चार पोक्त जर्मन, ओळीत मांडलेली चार टेबलं, प्रत्येकापुढे एक लॅपटॉप, आणि चेहऱ्यावरची माशी हलत नाही. खालचा विनोद ठरलेला असतो: 'साहेब ईमेल तपासतायत.' त्याखालचं भांडणही ठरलेलंच. एक बाजू म्हणते, ही शुद्ध फसवणूक आहे. तिकीट मैफलीचं घेतलं आणि दाखवलं काय, तर सरकारी कचेरी. दुसरी बाजू लगेच पुरावे काढते: नाही हो, तो डावीकडचा खरंच कीबोर्ड वाजवतो, गातोसुद्धा, आणि अमुक ठिकाणी सूर किंचित घसरलाय तो कान देऊन ऐका. या चौघांच्या 'मिनिमम-मॅक्सिमम' या लाइव्ह अल्बमचा विषय निघाला की हा तंटा आणखी चिघळतो. लॅपटॉपवर वाजलेलं पुन्हा रेकॉर्ड करायचं आणि त्याला 'लाइव्ह' म्हणून विकायचं, हे काय गौडबंगाल?

मला यात खटकतं ते असं की दोन्ही बाजू एकाच मापाने मोजताहेत. बोटांनी किती मेहनत केली, एवढंच ते माप. टीकाकार म्हणतात मेहनत शून्य, चाहते म्हणतात थोडी तरी आहे बरं का. चाहत्यांनी हे माप मान्य केलं तिथेच ते हरले, कारण त्या मापाने क्राफ्टवेर्क कुठल्याही लग्नातल्या बँडपुढे टिकणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. 'मिनिमम-मॅक्सिमम' हा अस्सल लाइव्ह अल्बम आहे आणि चौघांपैकी कोणी किती वाजवलं याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. ठरावीक जागी, ठरावीक वर्षी, ठरावीक लोकांपुढे मांडल्यामुळे ज्या रचनेचा अर्थ बदलतो, ती रचना तिथे जिवंतपणे सादर झाली असं मी मानतो. या अल्बममध्ये हे घडतं, आणि ते कानाने ऐकता येतं.

राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी १९७० मध्ये ड्युसेलडॉर्फला हा गट उभा केला. 'क्लिंग क्लांग' नावाचा स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि तिथून जे काढलं त्यावर पुढची निम्मी नाचगाणी उभी राहिली. न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटा या डीजेने १९८२ मध्ये त्यांचीच धून आणि त्यांचाच ठेका घेऊन 'प्लॅनेट रॉक' केलं, त्यातून हिप-हॉपची एक अख्खी शाखा फुटली. असं असूनही गटाचा पहिला अधिकृत लाइव्ह अल्बम यायला २००५ साल उजाडलं. २००४ च्या जगदौऱ्यातल्या बावीस रचना, दोन सीडी, आणि मंचावर ह्युटर, श्नायडर, फ्रिट्झ हिल्पर्ट, हेनिंग श्मिट्झ. ग्रॅमीसाठी नामांकनही मिळालं. पुरस्कार मात्र गेला केमिकल ब्रदर्स या इलेक्ट्रॉनिक जोडगोळीच्या अल्बमला, त्याचं नाव 'पुश द बटन'. 'बटण दाबून संगीत होत नाही' म्हणणाऱ्यांना याहून चांगला विनोद सापडायचा नाही.

आता विरोधकांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांचे सगळे मुद्दे पोकळ नाहीत. मैफलीला आपण जातो ते काहीतरी बिघडू शकतं म्हणून. गायक समेवर येताना हुकू शकतो आणि हुकत नाही, त्या निसटत्या क्षणाला दाद जाते. ठेका आधीच संगणकात भरून ठेवला असेल तर समेवर हुकायचं कोणी? दुसरं असं की हा अल्बम इतका स्वच्छ वाजतो की टाळ्या काढून टाकल्या तर स्टुडिओतला आणि मंचावरचा फरक काही ठिकाणी सांगता येणार नाही. 'द मॉडेल'चं लंडनमधलं सादरीकरण घ्या. १९७८ च्या मूळ गाण्याला ते काहीही जोडत नाही. मला तर ते नुसतं हजेरी लावून गेल्यासारखं वाटतं. आणि तिसरा मुद्दा सर्वांत बोचरा. १९८६ नंतर या गटाने नव्या रचनांचा अल्बम काढला तो थेट २००३ मध्ये. मधल्या काळात जुनंच साहित्य घासूनपुसून पुढे येत राहिलं. मग लाइव्ह अल्बम म्हणजे दुकानातला जुना माल नव्या खोक्यात, असं कोणी म्हटलं तर त्याला वेड्यात काढता येणार नाही.

तरीही पहिल्या मुद्द्यापासून उलट जाऊन पाहू. धोका म्हणजेच जिवंतपणा, हे सूत्र आपण दुसरीकडे कुठे पाळतो? नाटकाच्या पाचशेव्या प्रयोगाला वाक्यं ठरलेली, हालचाली ठरलेल्या, दिव्यांच्या खुणा ठरलेल्या आणि पार्श्वसंगीत तर रेकॉर्ड केलेलंच असतं. नटाने वाक्य विसरावं म्हणून कोणी तिकीट काढत नाही. तरी तो 'प्रयोग'च असतो, आणि काल रंगला पण आज पडला असं आपण खुशाल म्हणतो. कशाच्या जोरावर? समोरच्या लोकांमुळे, त्या दिवसामुळे, त्या गावामुळे. यावर कोणी म्हणेल की नाटकात निदान नट अंगाने हजर असतो. इथेच क्राफ्टवेर्क स्वतःहून टीकाकाराच्या हातात कोलीत देतो. 'द रोबोट्स' सुरू होतं तेव्हा चौघे मंचावर नसतातच. पडदा उघडतो आणि त्यांच्या जागी त्यांच्यासारखेच दिसणारे चार यांत्रिक पुतळे हात फिरवत असतात. तेवढा वेळ मंचावर जिवंत माणूस एकही नसतो. आता मला सांगा, फसवणूक करणारा आपली गैरहजेरी पडदा वर करून, उजेड पाडून दाखवेल का? ज्या प्रश्नावरून आपण हमरीतुमरीवर येतो तो प्रश्न या लोकांनी १९७८ पासून गाण्याचा विषय करून ठेवलाय.

आणि हे गाणं अल्बममध्ये कुठलं घेतलंय? मॉस्कोचं. मूळ गाण्यातच मध्ये दोन छोटी रशियन वाक्यं आहेत. यंत्राचा आवाज म्हणतो की मी तुझा सेवक आहे, मी तुझा कामगार आहे. ज्या अल्बममधून ते आलं त्याचं मुखपृष्ठ सोव्हिएत चित्रकार एल लिसित्स्कीच्या शैलीवरून बेतलेलं: लाल शर्ट, काळे टाय, तिरपी अक्षरं. पश्चिम जर्मनीत १९७८ मध्ये ती एक डौलदार, थोडी खट्याळ उसनवारी होती. २००४ मध्ये तीच वाक्यं मॉस्कोत ऐकणाऱ्या माणसाचं काय? कामगारांचं राज्य म्हणवणारा देश तेरा वर्षांपूर्वी बुडालेला. त्याच्या राजधानीत एक यंत्र त्याच्याच भाषेत 'मी तुझा कामगार' म्हणतं आणि सभागृह आनंदाने ओरडतं. ते ओरडणं रेकॉर्डिंगवर आहे. ड्युसेलडॉर्फच्या स्टुडिओत हे कोणालाही बनवता आलं नसतं, कितीही बोटं चालवली तरी.

वॉर्साचं 'रेडिओॲक्टिव्हिटी' तर माझ्या मते या अल्बमचा कणा आहे. १९७५ ची मूळ रचना गूढ, थंड आणि काहीशी तटस्थ होती. रेडिओच्या लहरी आणि किरणोत्सर्ग या दोन्हींवर एकाच वेळी बोट ठेवणारं ते गाणं अणुशक्तीच्या बाजूचं की विरोधातलं, हे सांगता यायचं नाही. मग १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुदुर्घटना झाली. १९९१ मध्ये गटाने गाणं फिरवून घेतलं. चेर्नोबिल, हॅरिसबर्ग, सेलाफिल्ड, हिरोशिमा ही अणुदुर्घटना, अणुप्रकल्प आणि अणुबॉम्बची आठवण देणारी नावं आली आणि 'थांबवा' अशी हाक आली. वॉर्साच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याआधी एक सपाट यंत्रध्वनी निवेदन वाचतो: इंग्लंडमधल्या सेलाफिल्ड-२ या अणुइंधन प्रकल्पातून दर वर्षी साडेसात टन प्लुटोनियम निघेल आणि एका बॉम्बला दीड किलो पुरतं. त्या आवाजात चढउतार नाही, राग नाही. रेल्वे स्थानकावर गाडी उशिरा येत असल्याचं सांगावं तसा तो आवाज आकडे सांगतो आणि गप्प होतो. मग खालून ती जुनी धून येते.

वॉर्साच का, असं कोणी विचारलं तर दोन गोष्टी सांगतो. एप्रिल १९८६ च्या अखेरीस चेर्नोबिलचा ढग पोलंडवर आला तेव्हा तिथल्या सरकारने एक कोटीहून अधिक मुलांना घाईघाईने आयोडीनचं द्रावण पाजलं. २००४ मध्ये पंचविशी-तिशीत असलेला प्रेक्षक म्हणजे तीच मुलं. आणि गाण्यात नाव येतं मादाम क्युरींचं, ज्यांचा जन्म त्याच शहरातला, १८६७ चा. गाणं म्हणतं की किरणोत्सर्ग त्यांनी शोधला. शास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे तो शोध १८९६ मध्ये बेकेरेलचा आणि क्युरींनी त्याला नाव दिलं, पण गाण्याकडून एवढी काटेकोर अपेक्षा करू नये. मुद्दा असा की त्यांच्या जन्मगावी, ते द्रावण प्यायलेल्या पिढीपुढे हे नाव उच्चारलं गेलं तेव्हा १९७५ चं गाणं आणि २००४ चं गाणं एक राहिलं नाही. यात राल्फ ह्युटरच्या डाव्या हाताने किती पट्ट्या दाबल्या हा प्रश्न मला तरी क्षुल्लक वाटतो.

इथे थोडं मागे सरून शहरांची यादी बघण्यासारखी आहे. वॉर्सा, बुडापेस्ट, ल्युब्लियाना, रिगा, टॅलिन. बावीस रचनांतला मोठा वाटा या पाच शहरांचा आणि मॉस्कोचा आहे. ही पाच शहरं ज्या देशांतली, ते पाचही देश मे २००४ मध्ये, म्हणजे दौऱ्याच्याच वर्षी, युरोपीय संघात दाखल झाले. आता 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस' आठवा. १९७७ ची रचना, आणि ज्या रेल्वेसेवेवर ती बेतली ती पश्चिम युरोपची. लोखंडी पडद्यापलीकडे, म्हणजे साम्यवादी पूर्व युरोपात, त्या गाड्या कधी धावल्या नाहीत. तेव्हाचा 'अखंड युरोप' म्हणजे अर्धा युरोप होता, हे त्या गाण्याला म्हणायचं नव्हतं, पण ते खरं होतं. अल्बममध्ये ही रचना बुडापेस्टची आहे. जिथे ती गाडी कधीच पोचली नाही तिथे गाणं पोचलं, सत्तावीस वर्षांनी आणि ऐन मोक्याच्या वर्षी. निवड करणाऱ्यांच्या मनात हे होतं की नव्हतं याचा मी दावा करत नाही. तो हेतू नसला तरी रेकॉर्डिंगवर जे आहे ते आहे.

माणूस गैरहजर असलेलं संगीत ऐकायची तक्रारही काही आजची नाही. क्राफ्टवेर्कच्या गावापासून चाळीसेक किलोमीटरवर, कोलोनच्या नभोवाणी केंद्रात, ३० मे १९५६ रोजी स्टॉकहाउझेन या जर्मन संगीतकाराची टेपवरची रचना पहिल्यांदा लोकांपुढे वाजली तेव्हा समोर वादक नव्हतेच, ध्वनिवर्धक होते. १९८२ मध्ये लंडनमधल्या वादक-संघटनेच्या एका शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम-मशीनवर बंदी घालण्याचा ठराव केला. पोटापाण्याचा प्रश्न होता, त्यामुळे त्यांच्या रागाला मी हसणार नाही. आपल्याकडे तर ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीलाच बाहेरचा रस्ता दाखवला होता. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधली सूक्ष्म अंतरं) सांभाळत नाही, ठरावीक पट्ट्यांचं परकं यंत्र, ही कारणं. ती खोटी नव्हती. पेटीवर मींड आजही निघत नाही. पण त्याच काळात मराठी रंगभूमी पेटी आणि ऑर्गनवर उभी होती आणि गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवादक त्या 'यंत्रा'तून काय काढत होता हे रसिकांना ठाऊक होतं. रेडिओला ती बंदी सैल करायला १९७१ साल उजाडलं. आज कित्येक बैठकींत तानपुऱ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक डबा किंवा मोबाइलमधलं ॲप चालू असतं. तबल्याच्या रियाजाला लेहरा, म्हणजे ताल धरून फिरत राहणारी धून, तीही यंत्रावरची. त्या बैठकीला 'रेकॉर्डिंग' म्हणणारा रसिक मला अजून भेटायचाय. मग यंत्राला आपला आक्षेप नेमका कुठून सुरू होतो? यंत्र कोपऱ्यात बसून सूर धरतं तोवर चालतं, ते मधोमध येऊन बसलं की मैफल विटाळते?

जाता जाता मुंबईचं एक उदाहरण. १९८२ मध्येच चरणजित सिंग या चित्रपटसृष्टीतल्या वादकाने रोलँड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले आणि एचएमव्हीने ती तबकडी काढली. तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि सत्तरीतल्या सिंगांना युरोपच्या मंचांवर बोलावणी आली. ठेका यंत्राचा होता, स्वरांची चाल त्यांच्या हातातली. समोरच्या तरुण गर्दीने हिशेब मागितला नाही.

दुसरा आक्षेप होता सफाईचा, आणि त्याला लागूनच येतो जोडकामाचा. वेगवेगळ्या शहरांच्या रात्री कापून एकापुढे एक लावल्या, म्हणजे एकही रात्र खरी नाही. ठीक. पण हा निकष लावायचा तर गिटारवाल्यांनाही लावा. थिन लिझी या रॉक गटाचा १९७८ चा 'लाइव्ह अँड डेंजरस' रॉकच्या सर्वोत्तम लाइव्ह अल्बमांत गणला जातो. त्यातला बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला, असं त्याचा निर्माता टोनी व्हिस्काँटी म्हणतो. गटातल्या मंडळींनी ते नाकारलं. वाद मिटलेला नाही आणि अल्बमची प्रतिष्ठाही तसूभर उतरलेली नाही. घाम दिसला की आपण जोडकाम माफ करतो. क्राफ्टवेर्कने घाम दाखवला नाही, हा त्यांचा खरा गुन्हा. त्यांच्या अल्बममध्ये निदान एक प्रामाणिकपणा आहे: कुठली रचना कुठल्या शहरातली हे छापलेलं आहे. टोकियोत ते 'पॉकेट कॅल्क्युलेटर' जपानीत 'देन्ताकु' म्हणून गातात, आणि मॉस्कोच्या इंग्रजी गाण्याला लागून लगेच ते येतं. शिवण लपवलेली नाही, समोर ठेवली आहे.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मी निम्मा सहमत आहे आणि तसाच राहणार. जुनं पुन्हा मांडताना क्राफ्टवेर्क नेहमी जिंकत नाही. 'ऑटोबान', म्हणजे जर्मन महामार्गावरचं गाणं, १९७४ मध्ये बावीस मिनिटांहून लांब होतं. त्यात श्नायडरची बासरी होती, गिटार होती, मोटारीच्या खिडकीतून येणारा वारा होता. बर्लिनच्या रेकॉर्डिंगमध्ये ते नऊ मिनिटांच्या आत आटोपतं आणि बासरी गायब. रस्ता गुळगुळीत झालाय, पण रानफुलं गेली. श्नायडर चांगली बासरी वाजवायचा आणि त्याने ती जाणूनबुजून खाली ठेवली, हे 'वाजवता येत नाही म्हणून बटणं दाबतात' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. पण ती ठेवली नसती तर बरं झालं असतं असं मला दर वेळी वाटतं. उलट, २००३ च्या सायकल-शर्यतीवरच्या अल्बममधल्या रचना, ज्यांत हृदयाचे ठोके आणि श्वास हेच वाद्य आहे, त्या रिगा आणि टॅलिनच्या रेकॉर्डिंगमध्ये अंगावर येतात. मूळ स्टुडिओतल्या प्रती त्यापुढे मला फिक्या वाटतात.

'मग उद्या कोणीही पेनड्राइव्ह लावून नाचेल आणि तुम्ही त्यालाही मैफल म्हणाल,' असं मला ऐकवलं जातं. नाही म्हणणार. डेडमाउस या इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या नामवंत कलाकाराने २०१२ मध्ये जाहीरपणे लिहिलं होतं की मोठ्या मंचावर आम्ही सगळे शेवटी प्लेचंच बटण दाबतो. त्याच्या स्पष्टवक्तेपणाचं कौतुक आहे, पण त्यातून क्राफ्टवेर्कवरचा निकाल निघत नाही. सोलापुरात, शांघायमध्ये, सिडनीत तोच क्रम, त्याच जागी तोच स्फोट, तीच कागदी फुलं आणि गाव कुठलं याची गाण्याला खबरच नाही, असा कार्यक्रम मी मैफल मानत नाही, मग मंचावरचा माणूस खरीखुरी गिटार का वाजवत असेना. मोठमोठे गिटारवाले दौऱ्यावर दर गावात 'तुम्हीच सर्वांत भारी' म्हणून तेच वीस सूर तसेच वाजवतात. माझ्या निकषात तेही नापास होतात, आणि त्याला माझी हरकत नाही.

आणि याच निकषावर क्राफ्टवेर्कलाही कधीतरी धरावं लागतं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात आठ रात्री आठ अल्बम वाजवल्यापासून हा गट सभागृहांइतकाच संग्रहालयांचा झाला. त्या वर्षांतल्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग २०१७ मध्ये '३-डी द कॅटलॉग' या नावाने निघाली. ध्वनी काचेसारखा नितळ आहे, पण प्रेक्षक जवळजवळ पुसून टाकलाय. टाळी नाही, आरोळी नाही, गाव नाही. श्नायडर तोवर गट सोडून गेला होता. या संचाला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाली, जी वॉर्सा-मॉस्कोच्या अल्बमला मिळाली नव्हती. 'हे लाइव्ह आहे का' म्हणून भांडायचंच असेल तर २०१७ च्या संचावरून भांडा. तिथे मी टीकाकारांच्या बाकावर येऊन बसायला तयार आहे, पण बोटं मोजणार नाही. लोक कुठे गेले एवढंच विचारेन.